भीतीने काय काय बंद पडले? वस्तीची सुरक्षितता आणि रहिवाशांची प्रकृती एकत्र तपासण्याची पद्धत

एखाद्या गल्लीत भल्या सकाळी कोणाच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावले गेले, की पोलिसांच्या नोंदवहीत एका गुन्ह्याची भर पडते. त्याच आठवड्यात त्या गल्लीतील पाच-सहा स्त्रियांचे सकाळचे फिरणे बंद होते, आणि त्याची नोंद मात्र कुठेही होत नाही. त्यांपैकी कोणाला मधुमेह असतो, कोणाला रक्तदाब असतो, आणि डॉक्टरांनी गोळीच्या जोडीला रोज अर्धा तास चालायला सांगितलेले असते. चोर पकडला जातो, कधी दागिनाही परत मिळतो. पण मोडलेली सवय सहसा परत येत नाही. काही महिन्यांनी साखर वाढलेली दिसते, तेव्हा दवाखान्यात 'पथ्य पाळले नाही' एवढेच लिहिले जाते.

वस्तीतील गुन्हेगारी रहिवाशांच्या शरीराला ज्या वाटांनी बाधते, त्यांतील प्रत्यक्ष मारहाण ही एक वाट झाली. परंतु बाधा होणाऱ्या माणसांपैकी फार मोठा भाग असा असतो की ज्यांना कोणी हातही लावलेला नसतो. भीतीमुळे त्यांनी काही गोष्टी सोडून दिलेल्या असतात. म्हणून वस्तीच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा एकत्रित विचार करायचा असेल, तर 'किती गुन्हे घडले' या प्रश्नाबरोबर 'भीतीने काय काय बंद पडले' हाही प्रश्न विचारला पाहिजे, आणि माझ्या मते तो आधी विचारला पाहिजे. हे काम गृहनिर्माण संस्था, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेशोत्सव मंडळ किंवा वस्तीतील आशा स्वयंसेविका यांपैकी कोणीही हाती घेऊ शकते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक जाड वही, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा, आणि महिनाभर संध्याकाळी वेळ देऊ शकणारी आठ-दहा माणसे पुरतात.

शरीरात नेमके काय होते

काम करणाऱ्यांना हे आधी समजलेले असावे, कारण घरोघरी लोक हाच प्रश्न विचारतात. धोका जाणवला की मेंदूच्या आदेशाने मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि स्नायू ताणले जातात. पळून जाण्यासाठी किंवा प्रतिकार करण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी थोड्या वेळात ओसरली तर तिच्यापासून अपाय नाही. मात्र जिन्याखाली रोज दारू पिणारे टोळके बसते, रात्री-अपरात्री कोयते नाचवत गाड्या फोडणारी मुले गल्लीतून जातात, अशा ठिकाणी ही तयारी पुरती उतरतच नाही. एरवी निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो आणि रक्तवाहिन्यांना तेवढी विश्रांती मिळते. जो माणूस प्रत्येक आवाजाला दचकून उठतो, त्याची ती विश्रांती हुकते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, आणि पुढे वजन व साखर यांची साखळी सुरू होते. दमा असलेल्या मुलांचा त्रास हिंसाचार असलेल्या वस्त्यांत अधिक असतो, असे अमेरिकी शहरांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

दुसरी वाट सवयींची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे. ज्या वस्तीत आई मुलाला शाळा सुटल्यावर थेट घरात घेऊन कडी लावते, तिथे ती ६० मिनिटे भरणार कशी? मैदानाबरोबर ऊनही जाते, आणि बाहेरच्या उजेडात कमी वावरणाऱ्या मुलांमध्ये दूरचे अंधुक दिसून चष्मा लागण्याचे प्रमाण वाढते.

यासंबंधीचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतून आलेला आहे. १९९४ पासून तिथल्या गृहनिर्माण खात्याने बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतील अतिशय गरीब वस्त्यांतल्या हजारो कुटुंबांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने घर घेण्यासाठी मदत दिली. यातील बहुतेक कुटुंबांना घर सोडायचे होते ते मुख्यतः टोळ्या आणि अमली पदार्थ यांच्या जाचामुळे. दहा ते पंधरा वर्षांनंतर तपासणी केली, तेव्हा ही मदत मिळालेल्या स्त्रियांमध्ये अतिस्थूलता आणि मधुमेह यांचे प्रमाण मदत न मिळालेल्यांपेक्षा कमी आढळले. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. यात सुरक्षिततेचा वाटा किती आणि दुकाने, मोकळी जागा, शेजार यांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. वस्तीचा स्वभाव शरीरात उतरतो, एवढे मात्र त्यातून निश्चित होते.

शिकागोमध्येच जुलै १९९५ मधील उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी गुन्हेगारीच्या भीतीने दारे-खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. तिथे चोरीच्या भीतीने खिडकी बंद करून झोपणाऱ्या वृद्ध जोडप्याकडे या माहितीच्या उजेडात पाहिले पाहिजे.

पहिले काम: घरोघरी विचारपूस

'तुम्हाला इथे भीती वाटते का?' असा सरळ प्रश्न विचारू नये. त्याला बहुतेक घरांतून 'नाही हो, आम्ही इथलेच आहोत, आम्हाला कोण काय करणार' असे उत्तर येते, कारण भीती कबूल करणे कमीपणाचे वाटते आणि वस्तीचे नाव खराब होईल अशी शंकाही मनात असते. त्याऐवजी दिनक्रम विचारावा. 'काकू, संध्याकाळी सातनंतर तुम्ही कशाकशासाठी बाहेर पडता?', 'मागच्या वर्षी या वेळी जात होता का?', 'मग बंद कधीपासून केले?' अशा क्रमाने गेले, की उत्तर आपोआप समोर येते. कोणी सांगते की पूर्वी भजनाला जात असे, आता जात नाही. कोणी सांगते की रक्तदाबाची गोळी संपली तरी रात्री औषधाच्या दुकानापर्यंत जायचे टाळते आणि एक दिवस गोळी चुकते. हे शेवटचे उत्तर ठळक अक्षरांत लिहून घ्यावे, कारण चुकलेल्या गोळीचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो.

प्रत्येक घरात निदान या गोष्टी विचाराव्यात: गेल्या सहा महिन्यांत भीतीमुळे कोणते येणे-जाणे सोडले किंवा त्याची वेळ बदलली; रात्री खिडक्या उघड्या असतात का; झोप किती वेळा मोडते आणि कशाने; मुले कुठे व किती वेळ खेळतात; आजारी माणसाला अंधार पडल्यावर दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर कोणत्या रस्त्याने नेतात. स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे, आणि शक्यतो सासू-सासरे, नवरा किंवा मोठा मुलगा शेजारी बसलेला नसताना बोलावे. याला आणखी एक कारण आहे. अनेक स्त्रियांच्या बाबतीत धोका रस्त्यावर नसून घरातच असतो. तसे काही कानावर आले तर ते वहीत लिहू नये, शेजारी त्याची चर्चा करू नये. तिला १८१ हा महिला मदत क्रमांक सांगावा आणि तिची इच्छा असेल तरच पुढचे पाऊल टाकावे. ज्या माणसांबद्दल संशय व्यक्त होतो त्यांची नावेही वहीत येऊ देऊ नयेत. वहीत जागा, वेळ आणि सोडलेली सवय एवढेच असावे. घरांनासुद्धा नावाऐवजी क्रमांक द्यावा.

पुरुषांना, विशेषतः तरुण मुलांना, विचारायला विसरू नये. भांडणात ओढले जाण्याची भीती त्यांनाच अधिक असते, आणि व्यायामशाळेचा किंवा अभ्यासिकेचा रस्ता दुसऱ्या टोळीच्या नाक्यावरून जातो म्हणून तिथे जाणे सोडलेली मुले जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत.

स्वच्छतागृहाचा प्रश्न वेगळा विचारावा

ज्या वस्तीत घरात शौचालय नाही, तिथे या एका विषयासाठी स्वतंत्र संध्याकाळ राखून ठेवावी. अंधार पडल्यानंतर सार्वजनिक स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी पिणेच कमी करणाऱ्या स्त्रिया आणि मुली मुंबईपासून सोलापूरपर्यंत कोणत्याही दाट वस्तीत भेटतील. लघवी तासन्‌तास अडवून धरल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मुतखडा आणि बद्धकोष्ठता हे तिन्ही त्रास उद्भवतात. गरोदर स्त्रीला झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग वेळेत ओळखला गेला नाही तर मूत्रपिंडांपर्यंत चढतो आणि वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. मुंबईत २०११ पासून चाललेल्या 'राइट टू पी' चळवळीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्यांची मागणी सातत्याने लावून धरली, त्यामुळे हा विषय निदान बोलण्याजोगा झाला आहे.

तपासणी करताना स्वच्छतागृहाच्या आत जाऊन पाहावे. कडी आहे का, एवढे पाहून थांबू नये. ती लावून दार बाहेरून ढकलून पाहावे. पुष्कळ ठिकाणी कडी असते, पण तिची कोंडी चौकटीतून निसटलेली असते, आणि आत गेलेल्या बाईला एका हाताने दार धरून बसावे लागते. दाराच्या खालच्या भागाचा पत्रा गंजून फाटलेला असतो. दिवा बाहेरच्या भिंतीवर असतो आणि प्रत्येक खोलीत अंधार असतो. स्त्रियांचा आणि पुरुषांचा दरवाजा एकाच बोळात उघडत असेल आणि बोळाच्या तोंडाशी कट्टा असेल, तर तिथे बसलेल्या माणसांसमोरून जावे लागते, म्हणून मुली जातच नाहीत. कडी, पत्रा आणि दिवा यांची दुरुस्ती किरकोळ खर्चात होते. कट्टा हलवायला मात्र वस्तीतील वडीलधाऱ्यांना मध्ये पडावे लागते.

दुसरे काम: सुरक्षा फेरी

रहिवाशांनी, मुख्यतः स्त्रियांनी, गटाने वस्तीतून फिरून असुरक्षित जागा टिपण्याची पद्धत कॅनडातील टोरोंटो शहरात १९८९ च्या सुमारास रूढ झाली. दिल्लीत जागोरी या संस्थेने ती भारतीय रस्त्यांना अनुरूप करून घेतली, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिन या अॅपने तिला मोबाइलवर आणले. अॅप वापरावे की कागदी नकाशा, हे गटाने आपल्या सोयीने ठरवावे. मला कागद बरा वाटतो, कारण त्यावर आजीबाईंनाही बोट ठेवून सांगता येते.

फेरी संध्याकाळी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू करावी, आणि दुसरी फेरी रात्री साडेनऊच्या सुमारास काढावी, कारण दुकाने मिटल्यावर तोच रस्ता वेगळा होतो. गटात सहा ते आठ जण असावेत आणि त्यांत एक वृद्ध व्यक्ती, एक शाळकरी मुलगी, आणि शक्य असेल तर काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती असावी. दिवा लागलेला असणे पुरेसे नाही. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दहा-बारा पावलांवरून ओळखता येतो का, हे पाहावे. पुष्कळदा खांबावरचा दिवा व्यवस्थित चालू असतो, पण गुलमोहराच्या किंवा वडाच्या फांद्यांनी तो झाकलेला असतो आणि उजेड झाडातच अडकतो. अशा ठिकाणी तक्रार विद्युत विभागाकडे न करता उद्यान विभागाकडे करावी लागते. बंद दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक लिहून घ्यावा. पदपथ तुटलेला आहे का, गटाराचे झाकण आहे का, हेही लिहावे, कारण धोका वाटून भरभर चालणारे वृद्ध नेमके अशाच जागी पडतात आणि खुब्याचे हाड मोडते.

याबरोबर चांगल्या जागाही टिपाव्यात. उशिरापर्यंत उघडे असणारे किराणा दुकान, रिक्षाचा थांबा, जिथे बायका भाजी निवडत बसतात तो ओटा, देवळातील किंवा मशिदीतील राबता, या सगळ्यांमुळे रस्त्यावर ओळखीची नजर राहते. फेरीवाल्यांना हटवले म्हणजे रस्ता सुरक्षित झाला, असे अनेक सोसायट्या मानतात. मला ते पटत नाही. संध्याकाळी वडापावची गाडी लागते त्या कोपऱ्यावरून मुली निर्धास्त जातात, आणि गाडी उठवल्यावर तोच कोपरा ओस पडतो, हे कोणत्याही फेरीत ध्यानात येईल.

तिसरे काम: प्रकृतीची साधी मोजणी

जवळच्या आरोग्य केंद्राच्या किंवा आपला दवाखान्याच्या सहकार्याने चाळीस वर्षांवरील इच्छुक रहिवाशांचा रक्तदाब मोजून घ्यावा. पाच मिनिटे शांत बसवल्यानंतर, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या पातळीवर असताना, दोन वेळा मोजणी करावी. दोन्ही वेळा १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर डॉक्टरांकडे पाठवावे. त्याच बैठकीत आठवड्यात किती मिनिटे चालणे होते आणि रात्री किती तास झोप लागते, हे विचारून घरक्रमांकासमोर लिहावे.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. चाळीस-पन्नास माणसांच्या मोजणीवरून 'गुन्हेगारीमुळे आमच्या वस्तीत रक्तदाब वाढला' असे जाहीर करू नये. रक्तदाबाला मीठ, वय, तंबाखू, आनुवंशिकता अशी अनेक कारणे असतात आणि इतक्या थोड्या माणसांत ती वेगळी करता येत नाहीत. आपल्याला ठामपणे सांगता येते ते एवढेच की अमुक दिवे बंद झाल्यापासून इतक्या माणसांनी चालणे सोडले. अधिकाऱ्यासमोर ठेवण्यासाठी तेवढे विधान पुरेसे वजनदार असते, आणि ते कोणालाही खोडता येत नाही.

चौथे काम: दुरुस्ती करून घेणे

मोघम तक्रार फाइलीत बसते. 'परिसरात अंधार असल्याने महिलांची गैरसोय होत आहे' असे लिहिण्याऐवजी अर्जाचा मजकूर असा असावा: 'बालवाडीपासून सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंतच्या बोळातील सोबत नमूद केलेल्या क्रमांकांच्या तीन खांबांवरील दिवे दोन महिन्यांपासून बंद आहेत. या काळात बोळाच्या दोन्ही बाजूंच्या घरांतील बावीस स्त्रियांनी रात्री आठनंतर स्वच्छतागृहात जाणे थांबवले असून त्यांपैकी तीन गरोदर आहेत. दिवे दुरुस्त करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी.' यातील संख्या अर्थातच आपल्या वहीतून घ्यायच्या. हा अर्ज प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्यावी, एक प्रत आरोग्य विभागाला द्यावी, आणि त्यावर वस्तीतील स्त्रियांच्या सह्या घ्याव्यात. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या अर्जाचे काय झाले, एवढाच नेमका प्रश्न विचारावा.

दिव्यांचा आग्रह का धरावा, यालाही आधार आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींपैकी काही चिठ्ठ्या टाकून निवडून तिथे तात्पुरते प्रखर दिवे उभारले गेले, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे एक तृतीयांशाने घटले. फिलाडेल्फियात पडीक भूखंडांवरील कचरा उचलून, गवत आणि थोडी झाडे लावून, कमी उंचीचे लाकडी कुंपण घातले गेले. गरीब भागांत अशा भूखंडांच्या आसपासचा बंदुकीचा हिंसाचार स्पष्टपणे कमी झाला आणि शेजारी राहणाऱ्यांमधील उदासपणाही उतरला. आपल्याकडच्या पडीक भूखंडावर राडारोडा, बेवारस गाड्या आणि काँग्रेस गवत असते. तो साफ करून घेणे हे डासांच्या दृष्टीने तर आवश्यक आहेच. पण संध्याकाळी तिथून जाणाऱ्या बाईच्या छातीतील धडधडही त्याने कमी होते, आणि अर्जात ही दोन्ही कारणे लिहावीत.

पोलिसांकडे जाताना फेरीचा नकाशा घेऊन बीट अंमलदाराला भेटावे आणि गस्तीची वेळ वहीतील वेळेशी जुळवून मागावी. रात्री दोनच्या गस्तीपेक्षा संध्याकाळी सात ते नऊ या वेळेतील पायी फेरी आरोग्याच्या दृष्टीने अधिक उपयोगाची, कारण लोकांना चालायचे असते ते त्या वेळी. कॅमेऱ्यांचा आग्रह मी दुय्यम मानते. गुन्हा घडल्यावर तपासाला त्यांची मदत होते, परंतु कॅमेरा खांबावर बसवून कट्ट्यावरच्या टोळक्याची समस्या मिटत नाही, आणि त्याच पैशांत पुष्कळ दिवे लागतात.

दुरुस्ती होईपर्यंत

चालणे थांबवू नये. ते गटाने करावे. चार-पाच जणींनी वेळ ठरवून शाळेचे मैदान, सोसायटीची गच्ची किंवा देवळाचे आवार वापरावे, आणि वृद्धांनी घरातल्या घरात जागेवर चालणे, खुर्चीवरून उठ-बस करणे असे दहा-दहा मिनिटांचे भाग पाडावेत. दागिना घरी ठेवून बाहेर पडणे हा तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे, पण ज्या बाईने तो ठेवला नाही तिला बोल लावू नये.

रात्रीच्या हवेसाठी वरचा झरोका उघडा ठेवून त्याला जाळी लावावी. खिडक्यांना संपूर्ण बंदिस्त लोखंडी पिंजरे बसवणाऱ्यांनी त्यातील निदान एक भाग आतून कुलूप काढून उघडता येईल असा ठेवावा आणि किल्ली घरातील सर्वांना ठाऊक असावी, कारण आग लागली की चोरापासून वाचवणारी हीच जाळी माणसांना आत कोंडते.

कोणावर हल्ला झालाच, तर ११२ वर फोन करावा. दागिना हिसकावताना गळ्याला झालेली जखम वरवरची दिसली तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी. आवाज बदलणे, गिळताना दुखणे, मान वळवता न येणे ही लक्षणे असतील तर विलंब करू नये. हात टेकून पडलेल्या वृद्धांचे मनगट आणि खुबा यांची क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून केलेली चोरी हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण न देता कोणत्याही ठाण्यात खबर नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. पहिले काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणे हे स्वाभाविक असते. महिना उलटूनही ते कमी झाले नाही, किंवा माणूस घराबाहेर पडेनासा झाला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

जे अजिबात करू नये

सुरक्षिततेचे काम संशयाच्या वाटेला गेले की त्यातून माणसे मरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर समजून दोन साधूंचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा जीव घेतला गेला. म्हणून वस्तीच्या व्हॉट्सअॅप गटावर अनोळखी माणसाचे छायाचित्र टाकून 'सावध राहा' असे लिहिण्याची मुभा कोणालाही असू नये. शंका आली तर ११२ वर कळवावे आणि पोलिसांनी खातरजमा करेपर्यंत गटावर त्याबाबत काहीच लिहू नये. ज्या जमातींना इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या १९५२ साली कायद्याने विमुक्त झाल्या, परंतु पालावर राहणाऱ्या या माणसांकडे आजही प्रत्येक चोरीनंतर बोट दाखवले जाते. असुरक्षिततेचे आजार त्यांनाही होतात, किंबहुना अधिक होतात, म्हणून घरोघरच्या विचारपुशीत पालही आले पाहिजे.

याउलट काय करता येते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण भिवंडीचे आहे. १९८४ ची दंगल सोसलेल्या त्या शहरात १९८८ पासून पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलिस कर्मचारी यांच्या मोहल्ला समित्या बसवल्या. त्या नियमितपणे भेटत, किरकोळ भांडणे तिथेच मिटवत, आणि डिसेंबर १९९२ मध्ये जवळची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. शेजाऱ्याचे नाव ठाऊक असणे आणि ठाण्यातील हवालदार ओळखीचा असणे यांनी भीती उतरते. अशी बैठक महिन्यातून एकदा ठेवावी, आणि तिच्यात बंद दिव्यांबरोबर रक्तदाबाच्या गोळ्या नियमित मिळतात का, हाही विषय घ्यावा.

पुन्हा तपासणी

तीन महिन्यांनी त्याच घरक्रमांकांकडे तेच प्रश्न घेऊन जावे आणि फेरी त्याच दोन वेळांना काढावी. दिवे लागले, कडी बसली, भूखंड साफ झाला, तरी कोणी चालायला बाहेर पडत नसेल तर कारण दुसरे आहे असे समजून ते शोधावे. कधी ते एका विशिष्ट माणसाची छेडछाड असते, कधी मोकाट कुत्री असतात, तर कधी केवळ पहिल्यांदा बरोबर निघणारी सोबत नसते. चालणे, खिडकी, पाणी, झोप आणि औषध या पाच रकान्यांत आधीचे व आताचे उत्तर शेजारी शेजारी लिहावे, जिथे फरक पडला नाही त्या जागांवर नकाशात लाल खूण करावी, आणि पुढचा अर्ज फक्त त्या लाल खुणांचा करून तो आधीच्या अर्जाच्या पोचपावतीसह दाखल करावा.